भूमितीचा पेपर

शिंदखेड्याला आमचं घर हायस्कूलच्या मागच्या भिंतीला लागून होतं. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. आबा त्या शाळेत शिपाई होते. आमच्या बुद्धवाड्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा तो पहिला माणूस, त्यामुळे वाड्यातली माणसं त्यांना मान देत आणि शाळेतली माणसं त्यांना दामू म्हणत. दोन्ही गोष्टी आबा सारख्याच शांतपणे ऐकून घेत. शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, निंबाच्या फांदीला तारेने टांगलेला. आबा लोखंडी कांबीने टोल देत, आणि आमच्या घरातलं सगळं त्या टोलांवर चाले. पहिल्या टोलाला माय चूल विझवायची, मधल्या सुट्टीच्या टोलाला मी भिंतीच्या भगदाडातून घरी येऊन पाणी पिऊन जायची. दुपारी पिठाची गिरणी पुकपुक करायची, आणि संध्याकाळी सुरतेकडे जाणारी पॅसेंजर शिट्टी देऊन निघाली की भाऊ म्हणायचा, "गई." रोज म्हणायचा. जणू ती गेली हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

भाऊ म्हणजे सुभाष, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या हाताला कला होती. बिघडलेली सायकल, अडकलेलं कुलूप, खरखरणारा रेडिओ, काहीही त्याच्यापुढे ठेवलं की तो आधी कान लावून ऐकायचा आणि मग हात घालायचा. शाळेतल्या प्रत्येक सरांच्या चालण्याची नक्कल त्याला येत असे. मुख्याध्यापकांची, म्हणजे मोठ्या सरांची चाल करून दाखवली की माय पदर तोंडाला लावून हसायची आणि आबा उठून बाहेर जायचे. आबांना ते आवडत नसे. शाळेतल्या कोणाचीही टिंगल आमच्या घरात होऊ नये, इतकंच नाही, तर शाळेतली एखादी खडूची कांडीही आमच्या घरात येऊ नये, असं त्यांचं होतं. एकदा माझ्या दप्तरात अर्धा खडू सापडला. मी तो वर्गात पडलेला उचलला होता. आबांनी मला तो परत ठेवायला पाठवलं, भर उन्हात, अनवाणी. "आपल्यावर बोट ठेवायला लोक जागा शोधत असतात," एवढंच म्हणाले. हे वाक्य ते शाळेतल्या मराठीत बोलले. घरात आबा अहिराणी बोलत, शाळेत शाळेची मराठी, आणि काही फार महत्त्वाचं असलं की घरातही शाळेची मराठी.

रात्रीचं जेवण आम्ही चौघं पडवीत बसून करत असू. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल, हिरव्या मिरचीचा ठेचा. वांग्यांच्या दिवसात भरीत. माय भाकरी थापताना बोलत नसे, पण थापण्याच्या आवाजावरून तिचं मन कसं आहे ते आम्हाला कळे. आज धुळ्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये पीठ तयार येतं आणि भाकरी करायला एक बाई येते. चांगली करते. पण तिच्या आवाजावरून मला काही कळत नाही, आणि कळावं असं तिचं-माझं काही नाही.

भाऊ दहावीला गेला ते वर्ष आमच्या घरावर सणासारखं आलं आणि आजारपणासारखं राहिलं. आबांच्या घराण्यात कोणी दहावी झालं नव्हतं. आबा स्वतः चौथी. ते पहाटे उठून भाऊला उठवत आणि तो वाचत असेपर्यंत समोर नुसते बसून राहत, काही न समजता, पाठीला भिंत लावून. भाऊला बाकीचं जमे, भूमिती जमत नसे. प्रमेय म्हटलं की त्याचा चेहरा दगडासारखा व्हायचा. सहामाहीला तो भूमितीत नापास झाला, पूर्वपरीक्षेतही झाला. पूर्वपरीक्षेचा निकाल त्याने आबांना सांगितला नाही. आबांना तो स्टाफरूममध्ये चहा देताना कळला. त्यांनी घरी येऊन काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते भाऊच्या समोर नव्हे, शेजारी बसले.

पेपरच्या आदल्या दुपारी माय पापडाचं उडीद दळायला गिरणीवर गेली होती. भाऊ माझ्याजवळ आला. मी तेव्हा आठवीत होते आणि माझं अक्षर गावात नावाजलेलं होतं. वाड्यातल्या बायकांची माहेरची पत्रं मी लिहायची, आबांचे रजेचे अर्ज मी लिहायची.

"निमे, तुनं अक्षर मुंगीसारखं शे," भाऊ म्हणाला. "दोनच प्रमेयं लिखी दे."

"पकडाई गया तर?"

"कोन पकडस? बठ्ठा गाव चिठ्ठ्या लिखी राहिना."

ते खरं होतं. परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या भिंतीवर माणसं कावळ्यांसारखी बसलेली असत. कोणाचा काका, कोणाचा मेव्हणा, खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे. दुकानदारांच्या पोरांना तर शिकवणीचे सरच उत्तरं पुरवत. पोलीस यायचा, काठी आपटायचा, पान खाऊन निघून जायचा. मी वहीच्या पानाची एक पट्टी फाडली आणि टोकदार पेनाने दोन प्रमेयं आकृत्यांसकट लिहिली. सुंदर लिहिली. मला ते लिहिताना भीती वाटली नाही, अभिमान वाटला. हे आज लिहून ठेवते, कारण नंतर इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की भाऊने मला भाग पाडलं. त्याने भाग पाडलं नव्हतं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून चित्रकलेचे सर होते. त्यांनी त्याच संध्याकाळी पडवीत उभं राहून मायला सांगितलं, आणि काही भाग पुढे भाऊकडून तुटक-तुटक कळला. खोली नंबर चार. आबांचा मुलगा त्या खोलीत असल्यामुळे खरं तर आबांनी तिथे जायचं नव्हतं, पण दुसरा शिपाई तापाने पडला होता आणि मार्चचं ऊन होतं, पोरं पाणी पाणी करत होती. आबा बादली आणि ग्लास घेऊन रांगेतून फिरत होते. तेवढ्यात भरारी पथकाची जीप आली. भिंतीवरची माणसं पळाली. खोल्याखोल्यांतून कागदांचा पाऊस खिडकीबाहेर पडला. भाऊ खिडकीपासून लांब होता. त्याने चिठ्ठी खाली टाकली आणि पायाने मागे सरकवली.

त्याच्या मागच्या बाकावर दिलवर बसला होता. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा पावरा मुलगा, वसतिगृहात राहून शिकणारा. वर्गात तो क्वचित बोलायचा, कारण त्याची बोली वेगळी आणि मराठी तो एकेक शब्द जुळवून बोलायचा, आणि पोरं हसायची. पथकातले साहेब आत आले. त्यांना दिलवरच्या पायाजवळ चिठ्ठी दिसली. त्यांनी ती उचलली, उलगडली, आणि दिलवरला दंडाला धरून उभं केलं.

"तुझी?"

दिलवर एकेक मराठी शब्द जुळवू लागला.  साहेबांना तेवढं पुरे होतं. त्यांनी त्याची उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि खिशातून पेन काढलं. चित्रकलेचे सर म्हणाले, "साहेब, हा मुलगा तसा नाही." साहेब म्हणाले, "मग कोणाची आहे ही? कोणीतरी सांगा." आणि चिठ्ठी वर धरून खोलीभर फिरवली. भाऊ मान खाली घालून बसला होता. ही गोष्ट सरांनी मायला सांगितली नाही. ती मला भाऊनेच सांगितली, फार वर्षांनी.

आबा बादली घेऊन साहेबांपासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. सरांनी मायला सांगितलं, आबांनी बादली खाली ठेवली, ग्लास बादलीवर पालथा घातला, आणि मग बोलले.

"मना पोऱ्यानी शे, सायेब."

साहेब परजिल्ह्यातले. त्यांना आधी समजलंच नाही. "काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं. तेव्हा आबांनी ते पुन्हा शाळेच्या मराठीत सांगितलं. "माझ्या मुलाची आहे. पुढे बसलाय तो. सुभाष."

पेपर संपल्यावर मोठ्या सरांनी आबांना खोलीत बोलावलं. दार लोटलेलं होतं, पण मी भिंतीच्या भगदाडाशी उभी होते आणि खिडकी उघडी होती. मोठे सर वाईट नव्हते. ते हळूच म्हणाले, "दामू, तू गप्प बसला असतास तरी कोणी तुला काही म्हटलं नसतं." आबा म्हणाले, "हो सर." "त्या दिलवरचं मी काहीतरी बघितलं असतं." आबा पुन्हा म्हणाले, "हो सर." मग त्यांनी विचारलं, "शेवटचा टोल देऊ का?" आणि बाहेर येऊन टोल दिला.

भाऊला दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी आली. गावात कोणी आबांची स्तुती केली, असं मला आठवत नाही. उलट ते दुकानावरून जाताना कोणीतरी म्हणायचं, "राजा हरिश्चंद्र निघाले." ज्यांची पोरं चिठ्ठ्यांवर पास होणार होती त्यांना आबांचा राग आला, आणि वाड्यातल्या लोकांना वेगळ्या कारणाने आला. आपल्यातला एक पोरगा पुढे जात होता आणि त्याला बापानेच खाली ओढला, असं ते म्हणत. मायने पंधरा दिवस आबांना हाताने वाढलं नाही. ताट ठेवायची आणि निघून जायची. एकदाच बोलली, भांडी घासताना, पाठ फिरवून.

"दुसरानं लेकरू वाचाडं, आनि आपलं बुडाडं."

 मी तिथेच बसले होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. चिठ्ठी माझ्या हाताची आहे, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. भाऊने माझं नाव कुठेच घेतलं नव्हतं. साहेबांसमोर नाही, मायसमोर नाही. तो माझ्याकडे बघायचाही नाही, मला त्रास होऊ नये म्हणून. आणि मी त्याच्या त्या चांगुलपणाच्या आड लपून राहिले.

मे महिन्यात दिलवर आमच्या दारात आला. पळसाच्या पानात त्याने रानातली चारं आणली होती, ती काळी गोडसर फळं, ज्यांच्या बीची चारोळी होते. तो पडवीबाहेर उन्हात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा आहे?" माय आतून मला म्हणाली, "त्याले सांग, घरमा कोनी नई." आबा आत होते. त्यांनी ते ऐकलं. मी बाहेर जाऊन सांगितलं. दिलवरने मान हलवली, पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि गेला. ती चारं कोणी खाल्ली नाहीत, कोणी फेकलीही नाहीत. वाळून गेली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा कळलं की दिलवर इंग्रजी आणि गणितात नापास झालाय. तो पुन्हा वसतिगृहात दिसला नाही. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्याच्यासाठी आमच्या घरात एवढं घडलं आणि त्याला त्यातून काहीच मिळालं नाही, हे मला तेव्हा फार अन्यायाचं वाटलं होतं. आता वाटतं, अन्याय त्याच्यावरच जास्त झाला. भर वर्गात त्याला दंडाला धरून उभं केलं होतं, आणि त्यानंतर त्याला तोच पेपर पुढे लिहायचा होता.

निकालाच्या आठवड्यात भाऊ सुरतेला निघाला. वाड्यातली दोन-तीन माणसं तिथे लूमवर होती. मायने दशम्या बांधून दिल्या, लसणाची चटणी दिली. आबा शाळेत होते. स्टेशन काही लांब नव्हतं, मी सोबत गेले. गाडी येईपर्यंत भाऊने मोठ्या सरांची चाल करून दाखवली, फलाटावर, एकट्या माझ्यासाठी. मला हसू आलं नाही. तो म्हणाला, "शिक तू." एवढंच. गाडी सुटली, आणि ती गेली असं सांगायला आता घरात कोणी राहिलं नव्हतं.

मी शिकले. दहावी झाले, धुळ्याला डी.एड. केलं, नोकरीला लागले. प्रत्येक निकालाच्या दिवशी आबा पडवीत बसून राहत. पेढे वाटत, पण स्वतः खात नसत. भाऊची पत्रं मला येत. त्यात लूमचा आवाज, तिथली गर्दी, खोलीतल्या माणसांच्या गमती. आबांविषयी एक अक्षर नाही. आठ वर्षांत तो एकदाही घरी आला नाही. आला तो माझ्या लग्नाला. पाहुण्यासारखा आला, नवा शर्ट घालून, कानाच्या वरचे केस विरळ झालेले. लग्नाच्या पंगतीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. आबा स्वतः वाढत होते. रांगेतून वाकत वाकत ते भाऊसमोर आले. मी मांडवाच्या कडेला होते, मला दोघांचे चेहरे दिसत होते.

"बट्टी देऊ?" आबांनी विचारलं.

"अर्धी."

आबांनी बट्टी मोडून अर्धी वाढली आणि पुढे गेले. लोक म्हणाले, बाप-लेक बोलले, चांगलं झालं. त्यानंतर भाऊ वर्षातून एकदा येऊ लागला, आणि त्यांचं बोलणं तेवढंच राहिलं. देऊ का, नको, गाडी किती वाजता.

आबा निवृत्त झाले आणि तीन वर्षांत त्यांची छाती बिघडली. धुळ्याच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ होते. दुपारची वेळ होती, खिडकीला ओलं पोतं लावलेलं, शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपलेला. मी त्यांचे पाय चेपत होते आणि एकदम बोलून गेले.

"आबा, ती चिठ्ठी मी लिखेल व्हती."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तुनं अक्षर माले माहीत नई का?" म्हणाले. "तेच तर पाहीसन समजनं, चिठ्ठी कोनी शे ते."

 म्हणजे दिलवरची नाही, भाऊची आहे, हे त्यांना माझ्यामुळे कळलं होतं. मी ती लिहिली नसती, दुसऱ्या कोणाच्या हातची असती, तर आबा त्या दिवशी बादली घेऊन पुढच्या बाकाकडे गेले असते. मी विचारलं, "मग मनं नाव काब्र नई सांगं?"

"चिठ्ठी कोनी शे, इतलंच सायेबनी इचारं. लिखनारं कोन, हाई इचारं नई."

"आनि इचारं असतं तर?"

त्यांनी माझ्या हातातून पाय काढून जवळ घेतले. मग म्हणाले, "एकच दिनमा दोन्ही लेकरं कशी देतू?"

आठ दिवसांनी आबा गेले. भाऊ सुरतेहून येईपर्यंत आम्ही थांबलो. त्याने खांदा दिला, सगळं नीट केलं, विहारात वंदनेला बसला, आणि माय हंबरडा फोडून रडली तेव्हा तिला धरून बसला. स्वतः रडला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि आम्ही दोघं शाळेच्या मैदानावर जाऊन बसलो. सुट्टी होती, मैदान रिकामं होतं. मी त्याला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याचं मन हलकं होईल. बापाने विचार न करता त्याला दिलं नव्हतं, बापाच्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं, हे कळलं की त्याची गाठ सुटेल.

भाऊ ऐकत राहिला. हातात एक काडी होती, तिचे तुकडे करत होता.

"म्हंजे तुले ठी लिधं," तो म्हणाला, "आनि माले दी टाकं."

मला ठेवून घेतलं, त्याला देऊन टाकलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने फक्त हिशेब बरोबर आहे का, असं विचारावं तसं म्हटलं, आणि तो बरोबर होता. मी मायचा विषय काढला, तिला कुठे ठेवायचं ते. तो त्यावर बोलला. मग पुन्हा तिथेच आला.

"निमे, त्या दिनले सायेबनी तुले इचारं असतं, तर तू काय सांगती?"

"खरं तेच सांगतू," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. म्हणाला, "मी बी उठनारच व्हतू. आबांनी टाईमच नई दिधा."

आता भाऊचीही साठी उलटली. रविवारी त्याचा फोन येतो. गुडघे, सुना, पाऊस, कोण वारलं, असं बोलतो. भूमितीच्या पेपरचा विषय आम्ही त्या दिवसानंतर काढला नाही. मला माझ्यापुरतं माहीत आहे की मैदानावर मी खोटं बोलले होते. साहेबांनी विचारलं असतं, तर मी मान खाली घातली असती. तो खरं बोलला की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही.